अण्णाजी वर काऊन गेले?

१

अण्णाजी गेले त्या दिवशी मी आणि मनकर्णाबाई केळझरला होतो, गणपतीच्या पायाशी. चतुर्थी होती, वैशाखाचं ऊन मी म्हणत होतं, आणि परतीची यष्टी वर्ध्याला जी रुसून बसली ती जागची हलेचना. हिंगणघाटात उतरून पायी घराकडे आलो तेव्हा दिवस कलला होता. आमच्या गिरिजा अपार्टमेंटपुढे नगरपालिकेचा बंब उभा, रस्ताभर पाणी, आणि अर्धं गाव माना वर करून बघत होतं.

"अवमाय! आपलीच बिल्डिंग व, बाई!" मी ओरडले. हातातला प्रसाद कुठे सांडला ते त्या गणपतीलाच ठाऊक.

जिन्याखालच्या मीटरच्या पेटीत ठिणगी उडाली होती, आणि त्याच जिन्याखाली प्रेमदास गादीवाल्याच्या कापसाच्या गाठी रचलेल्या. दाबलेला कापूस आतल्या आत धुमसतो आणि नुसता धूर ओकतो. जिन्याचं धुरांडं झालं. पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरची माणसं आपापल्या बाल्कनीत आली आणि बंबाच्या शिडीने खाली उतरली. तिसऱ्या मजल्यावर मी आणि बाई समोरासमोर राहायचो. आमची दोन्ही घरं बंद, माझे हे बँकेत. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. एक अण्णाजी सोडून.

अण्णाजी दुसऱ्या मजल्यावरचे. दम्याचा माणूस, हळू बोलणारा, लहान पोरांनाही 'अहो-जाहो' करणारा. ते सापडले पार वर, गच्चीच्या दाराशी. दार बंद होतं. आमचा चौकीदार तानबा, त्याने पहारीने ते फोडलं आणि अण्णाजींना मोकळ्या हवेत नेऊन निजवलं. पण तोवर उशीर झाला होता.

भिंत धरत धरत आम्ही वर गेलो. गच्चीवर सगळी बिल्डिंग गोळा झालेली. कोणाच्या नाकाखाली काजळी, कोणाचे तळहात काळे, बायकांच्या लुगड्यांचे काठ तर कोळशात बुडवल्यासारखे. माझी नवी साडीही त्या जिन्याने खाल्लीच. नवऱ्याच्या उशाशी रुख्माबाई बसली होती. मोतिया रंगाचं लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू, जरासुद्धा फिसकटलेलं नाही. ते पुसायची पाळी आता कोणावर येणार, ह्या विचाराने मी मान फिरवली.

"डोया लागलता माया," ती मोठ्यांदा म्हणत होती. कानाने अधू होती, म्हणून नेहमीच मोठ्यांदा बोलायची. "उठून पाह्यतो तं हे असे पडलेले. मले उठवलं काऊन नाई व कोणी?"

तेवढ्यात प्रेमदासचा आवाज चढला.

"कुलूप होतं दाराले! म्हून मेला बुढा! माया कापसाले काय नावं ठेवता? आज गच्चीची पाळी कोणाची होती थे इचारा!"

सगळ्यांच्या माना एका बाजूला वळल्या. पाळी अण्णाजींच्याच घराची होती.

त्यांची सून जयवंता तापलेल्या पोरीला खांद्यावर घेऊन उभी होती. ती दोन पावलं पुढे आली आणि म्हणाली, "कुलूप म्या लावलं."

२

आमच्या भागात तेव्हा फ्लॅट नवीन होते. बाकी गाव अंगणात निजायचं, आम्ही गच्चीवर. उन्हाळ्यात रात्री सगळ्यांच्या बाजा वर यायच्या, सुरईतलं पाणी ह्या घरातून त्या घरात फिरायचं, आणि अण्णाजी आम्हाला सप्तर्षी दाखवायचे. दिवसा तीच गच्ची बायकांची. कुरडया, सरगुंडे, मुंगवड्या, पापड! एकेका घराला एकेक वार वाटून दिलेला. ज्या घराचा वार त्या घरातल्या बाईने काठी घेऊन टाकीच्या सावलीत बसायचं आणि वांदरं हाकलायची. आता पुड्यातल्या कुरडया तळता आणि म्हणता, "छान झाल्यात ना?" डोंबलाच्या छान. तो चीक खाल्लाय का कधी गरम गरम, साखर घालून?

असो. सांगत होते जयवंताचं.

गच्चीच्या दाराला कुलूप लावायचं नाही, असा नियम होता. दोन उन्हाळ्यांआधी बंबाचे साहेब येऊन सगळ्यांना समजावून गेले होते. जिना पेटला की वरच्या माणसाला खाली जाता येत नाही, तो वर धावतो. तेव्हा गच्चीचं दार जिन्यातून एका हाताने उघडलं पाहिजे. आमचे सेक्रेटरी भैय्याजी, त्यांनी लगेच पाटी रंगवून टांगली, 'गच्चीच्या दारास कुलूप लावू नये.' आणि तरी हिने कुलूप लावलं, सासरा दाराशी गुदमरून मेला! लोक बोलायचे थांबतात होय?

पोलीस आले, अपघात लिहून गेले. घरातला पंचनामा मात्र चालूच राहिला. जयवंताचा नवरा महादेवराव तसा बरा माणूस, पण बापावर जीव. बायकोशी बोलणंच टाकलं त्याने. निरोप मात्र वडनेरला गेला, तिच्या भावाला. तेरवी झाली की बहिणीला घेऊन जावं, परत आणू नये. पोरगी इकडेच राहील.

हे जिजाबाईने, पहिल्या मजल्यावरच्या, मला जिन्यात थांबवून सांगितलं. पोरगी अजून अंगावर पीत होती हो! मी तशीच मनकर्णाबाईंच्या घरात शिरले.

बाई मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, निवृत्त. गणित शिकवायच्या. गावातल्या अर्ध्या बायका त्यांच्या हातच्या छड्या खाल्लेल्या. घरीदारी पुस्तकी मराठी बोलायच्या, आणि राग आला की थेट वऱ्हाडीत उतरायच्या. खिडकीत बसून भाजलेले शेंगदाणे सोलत होत्या.

"बाई, जयवंताचं ऐकलंत?"

"ऐकलं. आणि पटलं नाही." त्यांनी एक दाणा तोंडात टाकला. "वच्छला, शाळेत एखादी मुलगी नुसतं उत्तर लिहायची आणि रीत दाखवायची नाही. तेव्हा मी काय म्हणायचे?"

"दुसरीचं पाहून लिहिलंस."

"जयवंताने तेच केलंय. कुलूप लावलं म्हणते. कधी लावलं, का लावलं, किल्ली कुठे, विचारलं की मान खाली. तिचं उत्तर कोणाचं तरी दुसऱ्याचं आहे." त्या उठल्या आणि पदराला लागलेली फोलं झटकली. "चल वर. दार काय म्हणतं ते पाहू."

३

फोडलेलं दार गच्चीवर भिंतीला टेकवून ठेवलं होतं. बाईंनी चष्मा लावला, आणि मी बापडी पदराने राख झटकत मागे.

"ही जिन्याकडची बाजू. कुलूप इथे लागतं. कोयंडा बघ."

कोयंड्याच्या भोकात कुंभारणीने घर केलं होतं. ती मातीचं घर बांधणारी माशी नाही का, तिचं. चांगलं वाळून टणक झालेलं, आणि जागचं हललेलंही नाही.

"ह्यात कुलूप गेलं कुठून?" बाई म्हणाल्या. "कित्येक दिवसांत गेलेलं नाही."

बाई तडक खाली उतरल्या आणि त्यांनी भैय्याजींची कडी वाजवली. गच्चीच्या दाराला लावायला एक मोठं कुलूप भैय्याजींनीच कधीकाळी आणलं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. बिल्डिंगमध्ये टीव्ही त्यांच्याच घरी. त्यांचा अँटेना कोणी ना कोणी फिरवायचं, आणि ऐन रविवारच्या सिनेमात पडद्यावर मुंग्या यायच्या. मग ते गच्चीवरून आणि वहिनी खिडकीतून, "आला का?" "गेला!" "आता?" "आलता, पुन्हा गेला!" अख्ख्या गल्लीला ऐकू जायचं.

"भैय्याजी, तुमचं ते कुलूप कुठे आहे?"

भैय्याजी लाजले. बोट दाखवलं. टीव्हीसाठी त्यांनी लाकडी कपाट करून घेतलं होतं, आणि त्याच्या दारांना ते कुलूप लटकत होतं. "पाटी लावल्यापासून इथंच हाय, बाई. गल्लीतले पोट्टे येऊन बटनं पिरगाळतात न. किल्ली माया जानव्याले. पण सून म्हनते म्या लावलं, तं दुसरं असंन म्हून गप राह्यलो."

"म्हणजे कुलूप नव्हतंच," मी म्हणाले. "मग दार उघडलं का नाही?"

बाई पुन्हा वर चढल्या. ह्या वेळी दाराची दुसरी बाजू पाहिली, गच्चीकडची. तिथे लोखंडी कडी होती, तिचा अर्धा भाग चौकटीतून उपटून आलेला, लाकडाची ताजी पांढरी ढलपी त्याला चिकटलेली. ती आम्हीच बसवून घेतली होती, सगळ्या बायकांनी मिळून. राखणीला बसलं की पोट्टे धावत वर यायचे आणि ओल्या कुरडया तुडवायचे. म्हणून बाहेरून कडी लावून घ्यायची आणि निवांत बसायचं. पाटीवर कुलपाला बंदी होती, कडीला कुठे होती?

"साहेबांनी कडीचंही सांगितलं होतं," बाई हळूच म्हणाल्या. "बाहेरून कडी नको, असं स्पष्ट. पाटी लहान पडली म्हणून भैय्याजींनी तेवढं गाळलं. मीही म्हटलं, जाऊ दे."

"पण बाई, कडी गच्चीकडून लागली होती, आणि गच्चीवर तर कोणी नव्हतं! मग लावणारा गेला कुठे? उडून?"

बाईंनी कठड्यावरून खाली पाहिलं. शेजारी घर नाही, झाड नाही, पाइप धरून उतरायचं तर माणसाचा चुराच व्हायचा. मग तुटलेली कडी त्यांनी ओढून काढली आणि पदरात बांधली.

४

दुपारी बाईंनी तानबाला आणि प्रेमदासला चहाला बोलावलं. प्रेमदास येताना तोंड वाकडं करूनच आला.

"कुलूप होतं, हे तू डोळ्यांनी पाहिलंस?"

"दार उघडेना, म्हून म्हनलो."

"काऊन रे?" बाईंची वऱ्हाडी सुटली. "जिन्याखाली गाठी रचू नको म्हून तुले किती डाव सांगितलं व्हतं? आता कुलपाचा गाजावाजा केला का तुया कापूस लोकं इसरतीन, असंच न?"

प्रेमदासने कप खाली ठेवला. मोठा थोराड माणूस, पण डोळ्यांना पाणी आलं. "इसरतीन कशाले, बाई. मले तं जेवन जाऊन नाई राह्यलं. गाठी काढल्या म्या सगळ्या. पन आता काढून काय फायदा!" खोटं बोलत नव्हता. कापूस त्याचा, आणि दुःखही त्याचंच होतं. पण दार त्याने लावलं नव्हतं. आग लागली तेव्हा तो दुकानात चारचौघांसमोर कापूस पिंजत होता.

तानबाला बाईंनी एवढंच विचारलं, "अण्णाजींना उचललंस तेव्हा काय दिसलं?"

"धुरात डोये उघडत नोयते, बाई. पाह्यनार काय?" तो थांबला. "हां, खाली नेऊन आंघोय घातली तवा पाह्यलं. उजव्या हाताची बोटं सोललेली होती. हे अशी, वरच्या पेरावर." त्याने मूठ वळून दाखवली. "दार वाजवलं असंन खूप."

बाई शेंगदाणे सोलत होत्या ते थांबल्या.

दोघे गेल्यावर त्यांनी फोलं गोळा केली. मग म्हणाल्या, "वच्छला, आपण इतके दिवस दार कोणी लावलं तेच विचारतोय. मला दुसरंच कोडं पडलंय. अण्णाजी वर का गेले?"

"जीव वाचवायला. साहेबांनी नाही का सांगितलं, माणूस वर धावतो."

"ज्याला दुसरी वाट नाही तो. अण्णाजींच्या घराला बाल्कनी आहे. सून तिथे उभी, नात तिथे, बंबाची शिडी तिथे लागली. दम्याचा म्हातारा ती मोकळी हवा सोडून धुरात शिरतो आणि दोन जिने चढतो. काऊन? आणि बंद दाराशी अडकलेला माणूस काय करतो? ढकलतो, खांदा लावतो, लाथ मारतो. हा माणूस दार वाजवत होता."

रिकाम्या गच्चीचं दार कोण वाजवतं?

तेवढ्यात जिजाबाई आली, हातात मोठा डबा. "बाई, ह्या अण्णाजींच्या घरच्या कुरडया. त्या दिवशी संध्याकायी म्याच गोया करून ठेवल्या. सुतक सरलं का देजो त्यायले. एक बी तुटली नाई, पाहा! दिवसभर उघड्यावर होत्या, अन् वांदरायनं हात लावला नाई. देवाचीच करनी, दुसरं काय!"

बाईंनी डब्याचं झाकण उघडलं, आतल्या पांढऱ्याशुभ्र, अखंड कुरडया पाहिल्या आणि झाकण लावलं.

"देवाची नाही, जिजा," त्या म्हणाल्या. "वांदरं देवाला भीत नाहीत. काठीला भितात."

५

जिजाबाई गेल्यावर बाईंनी दार लावून घेतलं.

"आपण केळझरहून आलो, वर गेलो. तुझे हात कसे झाले?"

"काळे. साडी वाया गेली."

"जो जिन्याने वर आला तो काळा झाला. सगळे झाले. एक सोडून."

मोतिया लुगडं. ठसठशीत कुंकू. इतके दिवस ते कुंकू माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं, आणि ते एवढं स्वच्छ कसं, हे माझ्या मनात एकदाही येऊ नये!

"पण रुख्माबाईचे गुडघे! वर्षभर ती गच्चीवर चढली नाही. डॉक्टरने मना केलंय."

"त्या दिवशी नात तापाने फणफणली होती. तिला सोडून आई राखणीला कशी जाणार? सासूच गेली असेल, हळूहळू. कडी लावली, टाकीच्या सावलीत बसली, वांदरं हाकलली. मग डोळा लागला. ती स्वतःच म्हणाली ना, 'डोया लागलता.' आपल्याला वाटलं, घरात. कानाने अधू बाई. दार फुटून माणसं बाहेर आली तेव्हा तिला जाग आली, आणि त्या गर्दीत ती आपल्यातलीच एक झाली."

"आणि अण्णाजी तिलाच उठवायला…"

आम्ही खाली गेलो. जयवंता एकटी ओट्याशी होती, पोरगी पायाशी खेळत होती. बाईंनी पदराची गाठ सोडून कडी तिच्यासमोर ठेवली. तिने ती पाहिली आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागली.

"मामाजी मले म्हनले, तुमी पोरीले घेऊन बाल्कनीत थांबा, मी रुख्मेले पाहून येतो. मी म्हनलं, आत्याबाई मोकळ्या हवेत हायेत, त्यायले काई होत नाई, तुमी नका जाऊ. पन ते म्हनले, थे जागी झाली अन् जिन्यात उतरली तं? तिले ऐकू येत नाई, धुराचं कोन सांगन? अन् गेले." तिने बाईंचे पाय धरले. "बाई, त्यायले अजून मालूमच नाई. दार बंद होतं हेच मालूम नाई. कोनी मोठ्यानं बोलतच नाई न त्यायच्यापाशी. मले जाऊ द्या वडनेरले. पन हे त्यायले कयलं तं त्या जगतीन का?"

"आणि पोरगी?" मी रागाने म्हणाले. मला खरंच राग आला होता, कोणाचा ते अजून सांगता येत नाही. "पोरीला कोण पाजणार?"

तिने पायाशी खेळणारी पोरगी जवळ ओढली.

बाईंनी तिला उठवलं. "नाव मी घेणार नाही, शब्द देते. पण तुला वडनेरला जाऊ देणार नाही, हाही शब्द देते." बाहेर आल्यावर मी विचारलं, दोन्ही शब्द एकदम कसे पाळणार. बाई म्हणाल्या, "अग, तेच तर सुटत नाहीये."

६

तेरवीचं जेवण गच्चीवरच झालं. मांडव घातला होता. वडनेरहून जयवंताचा भाऊ पुंडलिकराव आला होता, वांग्यांची टोपली घेऊन. तोंड पाडून बसला होता बिचारा. कोपऱ्यात जयवंताचं गाठोडं बांधून ठेवलेलं. पोरगी मात्र सगळ्यांच्या ताटांभोवती रांगत हिंडत होती, तिला काय त्याचं.

हात धुऊन झाले तशा बाई उभ्या राहिल्या. शाळेत राहायच्या तशा.

"महादेवराव, बायकोला घरातून काढण्याआधी ऐका. जयवंताने कुलूप लावलं नाही. कुलूप भैय्याजींच्या टीव्हीला होतं. विचारा त्यांना."

भैय्याजींनी मान डोलावली. बाईंनी कोयंड्यातलं मातीचं घर सगळ्यांना दाखवलं. मग तुटलेली कडी मधल्या पाटावर ठेवली.

"दार ह्या कडीने बंद होतं. ही बाहेरून बसवली कोणी? आपण सगळ्यांनी. साहेब नको म्हणाले होते. आपण अर्धा नियम पाटीवर लिहिला आणि अर्धा कुरडयांपायी सोडून दिला. जिन्याखाली कापूस सगळ्यांना दिसत होता. अण्णाजींना कोण्या एकट्याने मारलं नाही."

"पन कडी लावली कोनी?" महादेवराव पुढे सरसावला. "जयवंता खोटं काऊन बोलली? सांगा, बाई!"

"ते मी सांगणार नाही."

"मंग झालं तं! तिनंच…"

ह्या सगळ्या वेळात रुख्माबाई भिंतीशी बसून होती. शब्द पोचत नव्हते तिच्यापर्यंत. ती प्रत्येकाचं तोंड पाहत होती, आणि मग तिची नजर पाटावर गेली. ती गुडघ्यांवर हात देऊन उठली, जवळ आली, कडी हातात घेतली.

"हे तं गच्चीची कडी," ती नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाली. "तुटली कशी? त्या दिवशी म्याच लावलीती. पोट्टे कुरड्या तुडवतात म्हून."

वर कापडी मांडव तेवढा फडफडत होता.

तिने एकेकाकडे पाहिलं. महादेवरावाचा चेहरा उतरलेला, तानबाची मान खाली, माझ्या डोळ्यांतून पाणी. ऐकू न येणाऱ्या माणसाला चेहरे लवकर वाचता येतात. तिने कडीला चिकटलेली लाकडाची ढलपी पाहिली. मग रिकाम्या चौकटीकडे पाहिलं.

"म्हंजे हे दार वाजवत होते," ती म्हणाली. पहिल्यांदाच हळू.

जयवंता धावली. तिला वाटलं सासू पडते की काय. पण रुख्माबाई पडली नाही. तिने सुनेचा हात धरला, कोपऱ्यातलं गाठोडं पाहिलं, पुंडलिकरावाकडे पाहिलं, आणि सगळं तिच्या ध्यानात आलं.

"अन् तू गप राह्यली? माह्यासाठी?" तिने जयवंताचं तोंड दोन्ही हातांनी धरलं. "पोरीले टाकून जात होती, येडे?"

मग ती पुंडलिकरावाकडे वळली. "भाऊ, जेवला न पोटभर? मंग आता यष्टीनं जाजो. एकलाच जाजो." आणि लेकाला म्हणाली, "म्हाद्या, थे गाठोडं सोड."

महादेवराव खाली बसला आणि गाठोडं सोडायला लागला. गाठ घट्ट बसली होती, सुटेना. शेवटी जयवंतानेच ती सोडली.

नवं दार बसलं. भैय्याजींनी मोठी पाटी रंगवली, ह्या वेळी पुरता नियम मावेल एवढी. बाहेरची कडी पुन्हा कोणी बसवली नाही. रुख्माबाईने घरातला दगडी पाटा तानबाकडून वर चढवून घेतला आणि दाराला टेकवून ठेवला, दार वाऱ्यानेही मिटू नये म्हणून. पुढे किती उन्हाळे ती जयवंताचा हात धरून वर यायची. टाकीच्या सावलीत मात्र बसायची नाही. उघड्या दाराच्या उंबऱ्यावर बसायची, जिन्याकडे तोंड करून, काठी मांडीवर. पोट्टे तिच्या अंगावरून उड्या मारून जायचे आणि कुरडया तुडवायचे.

"माय, हाकला न त्यायले!" आम्ही ओरडायचो.

ती ऐकायची नाही. जिन्याकडेच बघत बसायची.

आता ती नाही, बाई नाहीत, बिल्डिंगही पाडायला काढलीये म्हणतात. मागच्या महिन्यात मी लेकाबरोबर गेले होते शेवटचं पाहायला. गच्चीवर कोणी वाळवण घालत नाही आता. दार सताड उघडं होतं आणि पाटा तिथेच होता. लेक म्हणाला, "आई, हा घरी न्यायचा का?" मी म्हटलं, अजून माणसं राहतात ना इथे, राहू दे.